‘क्लिक’चा आवाज कुठे गेला?

पाच वाक्ये पाहा. “सातबारा आता एका क्लिकवर.” “नाटक चांगलं होतं, पण क्लिक झालं नाही.” “त्या दोघांचं पहिल्या भेटीतच क्लिक झालं.” “तू नाव घेतलंस आणि मला एकदम क्लिक झालं.” “जरा आमचा एक फोटो क्लिक कर ना.” सिन्नरच्या बसस्थानकावर ही वाक्ये कानांवर पडली तर कोणीही चमकून मागे पाहणार नाही. पहिले वर्तमानपत्राच्या मथळ्यातले आहे, शेवटचे गोंदेश्वराच्या देवळापुढे मोबाइल पुढे करणाऱ्या माणसाच्या तोंडचे आहे, आणि मधली तीन कोणत्याही महाविद्यालयाच्या कट्ट्यावरची आहेत. पाचांतही एक इंग्रजी शब्द आहे एवढे आपण सहज सांगू. मात्र तो शब्द मुळात एक आवाज आहे, आणि या पाचांपैकी एकाही वाक्यात तो आवाज ऐकू येत नाही, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे. एका भाषेतला आवाज दुसऱ्या भाषेत येताना मुका का झाला, आणि त्याच दुसऱ्या भाषेने याआधी परक्या यंत्रांच्या आवाजांचे काय केले होते?

इंग्रजीत ‘क्लिक’ हा ध्वन्यनुकारी शब्द आहे. कुलपाची जीभ खोबणीत बसताना, बंदुकीचा घोडा मागे ओढताना किंवा दाराची कडी अडकताना होणारा तो लहान, कोरडा, एकदाच होणारा आवाज. सुमारे चारशे वर्षे हा शब्द त्या भाषेत नांदतो आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या अनौपचारिक इंग्रजीत त्याला लक्षणेने नवे अर्थ चिकटले. कुलूप जसे अचूक बसते तशी दोन माणसे जुळली, एखादी युक्ती फळली, एखादी गोष्ट डोक्यात बसली. पुढे कॅमेऱ्याची झडप आणि संगणकाचा माऊस आला, आणि शब्दाला पुन्हा त्याचा मूळ आवाज लाभला. इंग्रजी बोलणाऱ्याच्या कानात म्हणून हे सारे अर्थ एका धाग्यात ओवलेले असतात. ‘डोक्यात क्लिक झाले’ असे म्हणताना त्याला कुठेतरी ती कुलपाची जीभ ऐकू येत असते.

मराठी माणसाला ती ऐकू येते का? ही चाचणी फार सोपी आहे. त्याच माणसाला कुलपाचा आवाज शब्दांत सांगायला लावा. तो ‘कुलूप खट्कन लागलं’ असे म्हणेल. दिव्याचे बटण ‘टक् असं वाजलं’, डबीचे झाकण ‘कट्कन बसलं’ असे सांगेल. ‘कुलूप क्लिककन लागलं’ असे तो म्हणणार नाही. त्याच्या तोंडी ‘क्लिक’ हा शब्द दिवसातून दहा वेळा येत असला तरी खरा आवाज सांगायची वेळ आली की तो या शब्दाकडे वळत नाही. त्यासाठी त्याच्या भाषेत फार जुनी आणि भरलेली कोठी आहे.

या कोठीचे पहिले शास्त्रीय मोजमाप पाणिनीने केले आहे. ज्या ध्वनीत वर्ण स्पष्ट ओळखू येत नाहीत अशा ध्वनीच्या अनुकरणाला त्याने ‘अव्यक्तानुकरण’ म्हटले, आणि अशा शब्दाला ‘डाच्’ हा प्रत्यय लागून द्वित्व होते व पुढे ‘कृ’, ‘भू’, ‘अस्’ या धातूंची रूपे येतात, असा नियम सांगितला. टीकाकार देतात ते उदाहरण ‘पटपटा करोति’ असे आहे. ‘पटपट करतो’ हे आपले आजचे रूप आणि हे उदाहरण शेजारी ठेवून पाहावे. आवाज आणि त्यापुढे ‘करणे’ किंवा ‘होणे’ हा साचा किमान दोन हजार वर्षे जुना आहे. ‘इति’ पुढे आला म्हणजे काय होते तेही पाणिनीने सांगितले आहे. ‘झटिति’सारखी रूपे त्या वाटेने सिद्ध होतात, आणि आपला ‘झट’ व ‘झटदिशी’ त्याच कुळातले आहेत. थोडक्यात, ‘क्लिक करणे’ आणि ‘क्लिक होणे’ या रचना कोणी इंग्रजीतून उसन्या आणलेल्या नाहीत. परका शब्द जुन्याच ओसरीवर येऊन बसला आहे.

पुढे प्राकृत-अपभ्रंशांच्या काळात ही कोठी अधिक भरली. बाराव्या शतकात, म्हणजे सेऊणदेशाचे यादव ज्या सिंदिनगराला (आजचे सिन्नर असे अभ्यासक मानतात) राजधानी करून पुढे देवगिरीकडे सरकले त्याआधीच्या काळात, गुजरातेत हेमचंद्राने अपभ्रंशाचे व्याकरण लिहिले. त्यात ‘हुहुरु’ आणि ‘घुग्घ’ यांसारख्या शब्दांची त्याने मुद्दाम वेगळी दखल घेतली आणि ते ध्वनीच्या तसेच चेष्टेच्या, म्हणजे हालचालीच्या, अनुकरणासाठी वापरले जातात असे सांगितले. हे निरीक्षण अत्यंत मोलाचे आहे. अनुकरण केवळ कानाचे असते असे नाही, हालचालही शब्दात उतरते, हे त्याने ओळखले होते. मराठीत तर ते डोळा, जीभ आणि त्वचा यांच्यापर्यंत पोहोचते. ‘लखलखाट’ हा उजेडाचा आवाज आहे, ‘झणझणीत’ हा चवीचा, ‘लुसलुशीत’ आणि ‘गुळगुळीत’ हे स्पर्शाचे. ‘पांढरा फटक’ आणि ‘काळा कुट्ट’ यांत रंगालाही नाद आहे. १९६९ साली मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने भारतीय भाषांतील अशा शब्दांवर एक महत्त्वाचा निबंध लिहिला. ही समृद्धी कोणा एका भाषाकुळाची नसून आर्य आणि द्राविड भाषांनी दीर्घ सहवासात वाटून घेतलेली मालमत्ता आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. मराठी तर या दोन्ही कुळांच्या सीमेवरच बसलेली. तिच्याकडे ही मालमत्ता अधिक असावी, यात नवल नाही.

मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. तिची पाने चाळताना ‘ख’, ‘ट’, ‘ध’, ‘फ’ या अक्षरांपाशी वाचक दमतो. अनुकरणवाचक म्हणून खूण केलेल्या शब्दांच्या रांगाच्या रांगा तिथे उभ्या आहेत, आणि एकेका ध्वनीपुढे ‘कन’, ‘कर’, ‘दिनी’, ‘दिशी’ हे प्रत्यय एका ओळीत मांडलेले आहेत. ‘चटकन’, ‘चटकर’, ‘चटदिनी’, ‘चटदिशी’. एका परदेशी लष्करी अधिकाऱ्याने आणि त्याच्या मराठी पंडितांनी हे शब्द गावठी म्हणून गाळले नाहीत, हे आपले भाग्य. पुढे १९११ साली मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ प्रसिद्ध झाले, आणि शालेय व्याकरणात ‘अभ्यस्त शब्दां’चे तीन प्रकार रूढ झाले : पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक. विद्यार्थी आजही ते परीक्षेपुरते पाठ करतात. ‘किरकिर’ कशात मोडते, ‘वडाप’ कशात मोडत नाही, एवढ्यावर विषय संपतो. तो तिथे संपावा, हीच खेदाची गोष्ट आहे.

कारण या शब्दांना इतिहास आहे आणि तो समाजाचा इतिहास आहे. वेळ मोजण्याचेच पाहा. आपण ‘किती वाजले?’ असे विचारतो. घड्याळ मनगटावर असो वा मोबाइलच्या काचेवर, ते वाजत नाही. तरीही मराठीत वेळ ‘वाजते’. ‘प्रहर’ या शब्दातच प्रहार आहे. घंटेवर टोला पडला की एक प्रहर सरला. ‘घटका’ ही पाण्यात बुडणाऱ्या घटिकापात्रावरून आली. ‘तास’ म्हणजे मुळात फारसी वाटेने आलेले धातूचे पात्र, टोले देण्याची थाळी. त्या थाळीवरून काळाच्या मापालाच ते नाव पडले. गावातल्या बहुसंख्य लोकांकडे घड्याळ नव्हते तेव्हा वेळ ही सगळ्यांच्या मालकीची आणि कानाने घेण्याची वस्तू होती. ती वस्तुस्थिती गेली. क्रियापद मात्र राहिले.

नंतर यंत्रे आली. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी गेली, आणि पुढच्या दशकात लोहमार्ग थळ घाट चढून नाशिककडे आला. तो देवळाली-नाशिकरोडवरून गेला. सिन्नर बाजूला राहिले, आणि प्रवासी रेल्वे सिन्नर शहरात आजवर आलेली नाही. पण ‘झुकझुकगाडी’ हा शब्द तिथल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. पुष्कळांनी तो गाडी पाहण्याआधी ऐकला. या शब्दात वाफेच्या इंजिनाचे दट्ट्ये पुढे-मागे होतात. रुंदमापी मार्गावरची वाफेची इंजिने १९९५ साली निवृत्त झाली आणि विजेच्या इंजिनातून ‘झुकझुक’ असा आवाज निघत नाही. तरी लहान मुलांची गाडी झुकझुकगाडीच राहिली आहे. तो आवाज आता फक्त मराठीत आणि तिच्या बहिणींत शिल्लक आहे.

मोटारसायकल आली तेव्हाही असेच झाले. तिच्यावर निर्मात्याचे नाव ठळक अक्षरांत लिहिलेले होते. १९५५ पासून मद्रासला बुलेट तयार होऊ लागली, साठच्या दशकात म्हैसूरची जावा आली. गावाने पाटी वाचली नाही. आवाज ऐकला आणि ‘फटफटी’ असे बारसे केले. ‘फट’ हा ध्वनी भाषेत आधीपासून होता, त्याला स्त्रीलिंगी ‘ई’ लावली की वाहन तयार झाले. गिरणीच्या भोंग्यात ‘भों’ आजही ऐकू येतो. हा भोंगा मुंबईच्या कामकऱ्यांचे घड्याळ होता, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर तो हळूहळू कायमचा थांबला. स्वयंपाकघरात कुकर आला आणि त्याची वाफ ‘शिट्टी’ झाली. “तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर” या वाक्यात शिजण्याचे मापच आवाजाने ठरले आहे. या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. यंत्र परके होते, पण त्याला नाव देणारा कान आपला होता. हे नाव कारखान्यात, कचेरीत किंवा परिभाषा समितीत ठरले नाही. ते रस्त्यावर, अंगणात आणि चुलीपाशी ठरले, आणि ठरवणारे बहुतेक लोक निरक्षर होते.

याचा अर्थ मराठीने प्रत्येक वस्तू कानानेच ओळखली असा नव्हे. कपड्याला लावायच्या दातेरी पट्टीला इंग्रजीत ‘झिप’ म्हणतात तो आवाजाचाच शब्द आहे. १९२३ साली गुडरिच या अमेरिकी कंपनीने आपल्या रबरी बुटांच्या निमित्ताने ‘झिपर’ हे नाव रूढ केले. मराठीने तो आवाज घेतला नाही. तिला दात्यांची ओळ दिसली आणि तिने ‘चेन’ म्हटले. शब्द इंग्रजीच घेतला, पण निवड आपल्या डोळ्याने केली. उलट बाजूचे उदाहरण ‘टमटम’चे आहे. ऐकताक्षणी हा अस्सल देशी नादशब्द वाटतो. एकेकाळी तो घोड्याच्या हलक्या गाडीसाठी होता, आता तीन चाकांच्या प्रवासी वाहनासाठी वापरला जातो. परंतु ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध अँग्लो-इंडियन कोशाच्या १९०३ च्या आवृत्तीत तो इंग्रजी ‘टँडम’चा अपभ्रंश असल्याचे मत नोंदवलेले आहे. हे मत ग्राह्य धरले तर असे म्हणावे लागते की, ज्या शब्दात आवाज नव्हता त्यातही आपल्या जिभेने आवाज भरला. ‘क्लिक’च्या बाबतीत नेमके उलटे घडले.

येथे एक आक्षेप संभवतो. आवाज गमावणे हा परक्या शब्दांचाच दोष आहे काय? मराठी नादशब्दही आवाज गमावतातच. आक्षेप योग्य आहे आणि त्याने विषय पुढे सरकतो. ‘कुरकुर’ हा करकरणाऱ्या वस्तूचा आवाज असतो. आता कोणी काही न वाजवता कुरकुर करतो, म्हणजे नाराजी बोलून दाखवतो. ‘कटकट’ ही मागे लागलेली पीडा झाली. ‘भुणभुण’ माशीची होती, ती माणसाची झाली. तिजोरीत ‘खडखडाट’ असतो, असे वर्तमानपत्रे लिहितात तेव्हा रिकाम्या डब्यात एखादेच नाणे वाजल्याचे चित्र जवळजवळ पुसले गेलेले असते. ‘खटका’ यंत्राचा होता, तो आता दोन भावांत उडतो. आणि ‘खटपट’? दोन वस्तू एकमेकींवर आदळण्याच्या या आवाजाने प्रयत्न, उलाढाल, आणि मग कारस्थान इथपर्यंत मजल मारली.

‘खटपट’ तर त्याही पुढे, थेट इंग्रजीत गेली. १८४७ पासून बडोद्याच्या गायकवाडांच्या दरबारी रेसिडेंट असलेला कर्नल जेम्स औट्रम याने दरबारातील आणि मुंबई सरकारच्या कचेऱ्यांतील लाचलुचपतीविषयी १८५१ साली एक अहवाल पाठवला. गुजराती आणि मराठी दरबारी बोलीत गुप्त कारवायांना ‘खटपट’ म्हणत. तोच शब्द औट्रमने उचलला, आणि तो अहवाल ‘खटपट अहवाल’ म्हणूनच ओळखला जाऊ लागला. मुंबई सरकारला तो रुचला नाही आणि औट्रमला बडोदे सोडावे लागले. १८५३ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेच्या शीर्षकातच ‘बॉम्बे खटपट’ असे शब्द आहेत. म्हणजे विलायतेतल्या वाचकासमोर एक देशी नादशब्द राज्यकारभाराची संज्ञा म्हणून उभा राहिला. त्या वाचकाला त्यात दोन भांडी आपटल्याचा आवाज ऐकू आला असेल काय? अर्थातच नाही. त्याला फक्त अर्थ मिळाला. आपल्याला ‘क्लिक’चा मिळाला तसाच.

म्हणजे नियम असा दिसतो : नादशब्द आपल्या घरी पिढ्यान्‌पिढ्या झिजून अर्थवाचक होतो, आणि परक्या घरी जाताना बहुधा झिजलेल्या रूपातच जातो. फरक आहे तो आठवणीचा. ‘खटपट’ झिजली तरी ‘खट’ आणि ‘पट’ हे तिचे भाऊबंद भाषेत जिवंत आहेत. ‘खटकन’, ‘खटखट’, ‘खटाखट’, ‘खटका’, ‘खटकणे’ हे सारे कुटुंब शेजारी राहते, त्यामुळे लेखकाला वाटेल तेव्हा त्या शब्दातला आवाज पुन्हा जागा करता येतो. ‘क्लिक’ला मराठीत कुटुंब नाही. तो एकटा भाडेकरू आहे.

त्याला इथले कुटुंब मिळवून देण्याचा एक प्रयत्न झाला होता, आणि तो मराठी संकेतस्थळांच्या पहिल्या बहराच्या काळातला आहे. २००० नंतरच्या दशकात महाजालावर मराठीतून लिहिणाऱ्यांनी ‘येथे क्लिक करा’ऐवजी ‘येथे टिचकी मारा’ असे लिहायला सुरुवात केली. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर, तसेच चर्चेच्या संकेतस्थळांवर हा शब्द सर्रास दिसे. निवड उत्तम होती. टिचकी म्हणजे अंगठ्याशी बोट अडवून सोडलेला हलका फटका. कॅरमच्या पाटावर ती रोज मारली जाते. शब्दात आवाज आहे, बोट आहे, लहानपणा आहे. माऊसवरच्या बोटाची हालचाल तिने जशी टिपली तशी ‘क्लिक’नेही टिपलेली नाही, कारण ‘क्लिक’मध्ये यंत्र आहे आणि ‘टिचकी’त माणूस. हेमचंद्राच्या भाषेत सांगायचे तर एकात केवळ ध्वनी आहे, दुसऱ्यात ध्वनी आणि चेष्टा दोन्ही.

तरीही ‘टिचकी’ हरली. का? शुद्धीवादाची टिंगल हे सोपे उत्तर झाले, पण ते पुरेसे नाही. खरे कारण शब्द कोणत्या वाटेने येतो यात आहे. ‘फटफटी’ हा शब्द ऐकणाऱ्यांनी ऐकणाऱ्यांना दिला. संगणक मात्र ऐकून समजणारी वस्तू नव्हता, तो शिकून घ्यायचा होता. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम तालुक्याच्या गावांपर्यंत गेला, नोकरीसाठी प्रमाणपत्र आवश्यक झाले, आणि हजारो मुलांनी माऊस हातात धरला तो “इथे क्लिक कर” हे शिक्षकाचे वाक्य ऐकत. पडद्यावर, पुस्तकात, परीक्षेत तोच शब्द होता. ‘टिचकी’ ही वाचणाऱ्यांनी वाचणाऱ्यांना दिलेली भेट होती. ती कागदावर, किंवा म्हणा पडद्यावर, राहिली. जो शब्द प्रथम तोंडातून कानात जातो तो टिकतो, हा भाषेचा जुना कायदा आहे, आणि आपल्या नवशब्दांच्या चळवळी त्याकडे वारंवार दुर्लक्ष करत आल्या आहेत. शिवाय ‘टिचकी’त जो खेळकरपणा आहे तो सरकारी कागदाला पेलवला नसता. सातबाऱ्यासारख्या गंभीर दस्तऐवजासाठी ‘टिचकी मारा’ असे सांगायला कोणता अधिकारी धजावेल? आपल्या औपचारिक मराठीने नादशब्दांना दाराबाहेर उभे केलेले आहे, त्याची ही शिक्षा आहे.

आता लाभ-हानीचा हिशेब. ‘क्लिक’ आला म्हणून मराठी बुडाली, असे म्हणणे उथळपणाचे ठरेल. ‘क्लिक करणे’ या पहिल्या अर्थी तो नव्या क्रियेचे नवे नाव आहे, आणि तिथे कोणाची जागा त्याने घेतलेली नाही. हानी उरलेल्या चार वाक्यांत आहे. “त्या दोघांचं क्लिक झालं” या ठिकाणी पूर्वी “सूत जुळलं” असे म्हणत. त्यात तुटलेला धागा पीळ देऊन जोडणारी बोटे होती, येवल्यापासून पैठणपर्यंत हातमागांवर बसलेल्या पिढ्यांचा अनुभव होता. सूत जुळायला वेळ लागतो, आणि ते तुटूही शकते. “मला क्लिक झालं” येथे “ध्यानात आलं”, “उमगलं”, किंवा विनोदाने “ट्यूब पेटली” असे म्हणत. ‘ट्यूब पेटणे’ हा काही जुना वाक्प्रचार नव्हे. तो नळीच्या दिव्याबरोबर आला, आणि ती लुकलुकत उशिरा पेटते हे पाहून लोकांनी घडवला. यंत्र परके, अर्धा शब्द परका, तरी निरीक्षण सर्वस्वी आपले. “धंदा क्लिक झाला नाही” येथे “जम बसला नाही” असे म्हणत. जम बसण्यातही काळ आहे, कष्ट आहेत. आणि फोटो मराठीत ‘काढत’ असत, चित्र काढावे तसा. जुळणे, उमगणे, जमणे, काढणे या चार क्रियांचे वेग वेगवेगळे होते. ‘क्लिक’ने त्या चौघींना एकच वेग दिला, क्षणाचा. प्रेम, समज, यश आणि चित्र ही सारी एका क्षणात होणारी वस्तू आहे, असे हा शब्द आपल्याकडून नकळत कबूल करून घेतो. त्याचे परकेपण क्षम्य आहे. त्याची ही घाई मात्र तपासून पाहावी अशी आहे.

मग मराठीचा कान मेला आहे काय? तसे मुळीच दिसत नाही. त्याचीही चाचणी व्याकरणातच आहे. एखादा नवा आवाज भाषेने आपला मानला की नाही, हे पाहायचे असेल तर त्याला ‘कन’ लावून पाहावा. मोबाइलवर निरोप येतो तो ‘टिंग्‌कन’ येतो. ‘टिंग’ कोणत्याही अभ्यासक्रमाने शिकवला नाही, तो लोकांनी ऐकला, आणि त्याच घडीला जुन्या प्रत्ययाने त्याला आत घेतले. ‘क्लिक’ला हा मान मिळत नाही. थट्टेत कोणी ‘क्लिकवा’ किंवा ‘क्लिक्कन’ लिहितो, पण थट्टा म्हणूनच. म्हणजे मोल्सवर्थने मांडलेली ती प्रत्ययांची रांग अजून काम करते आहे. ती ऐकलेल्या आवाजाला दार उघडते आणि वाचलेल्या आवाजाला थांबवते. दोनशे वर्षांच्या इंग्रजी शिक्षणानंतरही हा द्वारपाल जागा आहे, ही आशेची गोष्ट आहे.

साहित्याच्या शिक्षकांनी या जागेपणाची कदर करायला हवी. निबंधाच्या वहीत ‘धाडकन’, ‘लगबग’, ‘कुजबुज’ असे शब्द आले की ‘बोली’ अशी तांबडी रेघ ओढण्याची आणि त्यांऐवजी ‘अकस्मात’, ‘त्वरेने’, ‘हळू आवाजात संभाषण’ सुचवण्याची सवय पुष्कळांना असते. विद्यार्थी यातून एवढेच शिकतो की, कानाने मिळवलेली भाषा लिहिण्याच्या लायकीची नसते. मग लिहिताना नादशब्द हवा झाला की त्याला प्रतिष्ठित वाटणारा शब्द, म्हणजे इंग्रजी शब्द, जवळचा वाटतो. या संदर्भात सिन्नर तालुक्यानेच दिलेले एक नाव स्मरावे. लोकशाहीर वामनदादा कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी देशवंडी या गावी झाला. ते मुंबईला गिरणीत कामाला गेले आणि अक्षरओळख त्यांनी तिथे प्रौढ वयात करून घेतली. पुढे १५ मे २००४ रोजी निधन होईपर्यंत त्यांनी आंबेडकरी चळवळीसाठी अगणित गीते रचली आणि गावोगाव गाऊन दाखवली. अक्षर उशिरा आले म्हणून भाषा उशिरा आली नाही. हलगीचा ठेका, मोटेची करकर, गिरणीचा भोंगा यांनी घडवलेला कान अक्षराच्या कितीतरी आधी तयार होता, आणि अक्षर आले तेव्हा त्याला लिहिण्यासारखे काही होते. ज्या समाजाला शतकानुशतके लेखणीपासून दूर ठेवले गेले त्याची सारी भाषिक संपत्ती कानातच साठलेली होती. ‘बोली’ म्हणून तिच्यावर रेघ ओढणे हा निव्वळ शैलीचा प्रश्न उरत नाही.

शेवटी, यंत्रांची आजची स्थिती. ती मुकी होत चालली आहेत. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून ‘क्लिक’ असा आवाज येतो तो कोणत्याही झडपेचा नसतो. जुन्या झडपेची ध्वनिमुद्रित नक्कल वाजवली जाते. आधी शब्दाने आवाजाचे अनुकरण केले, आता यंत्र त्या आवाजाच्या आठवणीचे अनुकरण करते. विजेवर चालणाऱ्या गाड्या इतक्या शांत आहेत की, युरोपीय संघाने १ जुलै २०१९ पासून अशा नव्या प्रकारच्या गाड्यांना, आणि दोन वर्षांनी सर्वच नव्या गाड्यांना, कमी वेगात असताना कृत्रिम आवाज करणे बंधनकारक केले. पायी चालणाऱ्याला, विशेषतः दृष्टिहीनाला, गाडी ऐकू यावी म्हणून. तो आवाज कसा असावा हे कारखान्यातले तज्ज्ञ ठरवतात. फटफटीने ‘फटफट’ असे कोणाला विचारून केले नव्हते.

नाशिक-पुणे रस्त्यावर, सिन्नरच्या घाटातून आता विजेच्या दुचाक्याही धावतात. त्यांना अजून मराठीत स्वतःचे नाव मिळालेले नाही. ‘इलेक्ट्रिक गाडी’ म्हणतात, ‘बॅटरीवाली’ म्हणतात. ऐकू येण्यासारखे काही नसल्यामुळे कान थांबून राहिला आहे. परंतु त्या गाड्यांच्या चाकांखाली खडी करकरते, वाऱ्याचा एक बारीक सूं असा आवाज मागे राहतो. रस्त्याच्या कडेला उभे असलेले एखादे पोर त्यातले काय उचलेल, हे आज कोणत्याही कोशाला सांगता येणार नाही. ते जे उचलेल त्याला ‘कन’ लागतो की नाही, एवढे मात्र आपण ऐकावे.